जहाजाची हजेरी

(आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण आपल्या रोजच्या वापरातील कितीतरी वस्तू समुद्रमार्गे येतात. या वस्तू आणणारी मालवाहू जहाजे चालू असतानाच त्यांची तपासणी आणि देखभाल कशी केली जाते, ती कोण करतो आणि ती झाली नाही तर काय घडते, हे या पाठात सांगितले आहे. पाठात आलेले काही मराठी शब्द उर्दूतही आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ते वाचताना लक्षात घ्या.)

मुलांनो, रोज सकाळी वर्गात काय होते? घंटा होते, प्रार्थना होते आणि शिक्षक हजेरीपट उघडतात. एकेक नाव घेतले जाते. "हजर", "हजर" असे आवाज येतात. कोणी आले नसेल तर लगेच कळते. आता समजा, एके दिवशी शिक्षकांनी कंटाळा केला. नावे न घेताच सगळ्यांपुढे 'हजर' लिहून टाकले. त्याच दिवशी एखादा मुलगा शाळेत येताना वाटेत पडला असेल, तर ते कोणाला आणि कधी कळेल?

समुद्रावर चालणाऱ्या मालवाहू जहाजावरही रोज अशीच हजेरी घेतात. तेथे माणसांबरोबर वस्तूंचीही हजेरी असते. पंप चालतो का? तळाशी पाणी साचले का? जीवरक्षक होडीचे इंजिन सुरू होते का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणीतरी स्वतः जाऊन पाहतो आणि वहीत लिहितो. आजचा पाठ या हजेरीविषयी आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, मुंबईचा समुद्र नांदेडपासून जवळजवळ सहाशे किलोमीटर आणि लातूरपासून पाचशे किलोमीटर. आमचा जहाजाशी काय संबंध?" संबंध फार जवळचा आहे. लातूरच्या डाळमिलमध्ये भरडली जाणारी काही तूर म्यानमारहून आणि पूर्व आफ्रिकेतील देशांतून जहाजाने येते. शेतात टाकायचे पोटॅश खत जवळजवळ सगळे परदेशातून येते. दुकानातले पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियाहून येते. आपल्याकडच्या सोयाबीनची पेंड जहाजातूनच परदेशी जाते. म्हणजे आपल्या ताटातील वरण आणि कढईतील तेल यांनी समुद्र पाहिलेला आहे, आपण पाहिला नसला तरी!

मालवाहू जहाज केवढे असते? एका मोठ्या जहाजात साठ हजार टन कोळसा किंवा धान्य सहज मावते. एका ट्रकमध्ये पंधरा टन माल धरला, तर एवढा माल वाहायला चार हजार ट्रक लागतील. एवढे मोठे जहाज चालवणारी माणसे मात्र वीस-पंचवीसच असतात.

नांदेडच्या देगलूर नाक्यावर उभे राहून ट्रककडे पाहा. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी क्लीनर हातात लोखंडी सळई घेऊन प्रत्येक टायर ठोकून पाहतो. आवाज बदलला की हवा कमी आहे हे त्याला कळते. वाटेत बिघाड झालाच, तर ट्रक रस्त्याच्या कडेला लावता येतो आणि गॅरेजवाल्याला बोलावता येते. भर समुद्रात रस्त्याची कड नसते आणि गॅरेजही नसते. बंदर दहा-पंधरा दिवसांच्या अंतरावर असू शकते. म्हणून जहाजावरच्या लोकांनाच आपले जहाज तपासावे लागते आणि दुरुस्तही करावे लागते. जहाज थांबवूनही चालत नाही. चालत्या जहाजाचीच देखभाल करावी लागते.

ही हजेरी कशी घेतात ते आता पाहू.

इंजिनघरात रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. अभियंते आणि त्यांचे मदतनीस पाळीपाळीने फेरी मारतात. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, नळांची गळती हे सगळे ते पाहतात आणि नोंदवून ठेवतात. आजच्या जहाजांवर संगणक आहेत आणि बिघाड झाला की घंटा वाजते. तरीही फेरी बंद झालेली नाही. जळका वास आणि यंत्राचा बदललेला आवाज माणसाला पटकन कळतो.

डेकवर दुसरी हजेरी चालते. जहाजाच्या टाक्यांपर्यंत आणि तळापर्यंत अरुंद नळ्या गेलेल्या असतात. खलाशी त्या नळीतून वजन बांधलेली मोजपट्टी खाली सोडतो आणि वर ओढून किती भाग ओला झाला ते पाहतो. विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे तसेच हे काम आहे. काल कोरडी असलेली जागा आज चार बोटे ओली दिसली, तर कुठून तरी पाणी शिरत आहे हे नक्की. आज चार बोटे पाणी उपसणे सोपे असते. आठ दिवसांनी तेच पाणी जहाजाला एका बाजूला कलंडवते.

काही तपासण्या आठवड्याने आणि महिन्याने होतात. जीवरक्षक होडीचे इंजिन दर आठवड्याला निदान तीन मिनिटे चालवून पाहिले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आग लागली तर काय करायचे आणि जहाज सोडून कसे जायचे, याचा सराव प्रत्येक खलाशाने महिन्यातून एकदा करायचा असतो. जीवरक्षक होडी तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष पाण्यात उतरवून चालवायची असते. जहाज बंदर सोडण्यापूर्वी बारा तासांच्या आत सुकाणू तपासायचे असते. सुकाणू म्हणजे जहाज वळवणारे साधन. हा शब्द अरबीतील 'सुक्कान' या शब्दावरून मराठीत आला आहे.

जहाजाचा सर्वांत मोठा शत्रू कोणता? तुम्ही म्हणाल वादळ. वादळ कधीतरी येते. रोज येणारा शत्रू म्हणजे गंज. येथे जरा थांबा! उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडाला लागणारा तांबूस रोग. उर्दूत आपण त्याला 'जंग' म्हणतो. लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे तो अधिक वेगाने वाढतो. म्हणून जहाजावर एक काम कधीच संपत नाही. खलाशी हातोडीने गंजाचे पापुद्रे काढतात, तारेच्या ब्रशने घासतात, गोड्या पाण्याने मीठ धुतात आणि मग रंगाचे थर देतात. जहाजाच्या एका टोकापासून रंगवत दुसऱ्या टोकाला पोहोचावे, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा गंज दिसू लागतो.

पाण्याखालचा भाग रोज घासता येत नाही. तेथे जस्ताचे ठोकळे बसवतात. समुद्राच्या पाण्यात लोखंडाच्या आधी जस्त झिजते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. ठोकळे झिजले की नवे बसवतात.

पण रंगाखाली लोखंड आतून किती उरले आहे, हे डोळ्यांना कसे दिसणार? बाजारात माठ घेताना आई तो बोटाने वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर माठाला तडा आहे. जहाजाच्या पत्र्याची जाडीही आवाजानेच मोजतात. हातात मावणारे एक यंत्र पत्र्यावर टेकवतात. त्यातून निघालेला अतिशय सूक्ष्म ध्वनी पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो. तो आपल्याला ऐकू येत नाही. पोलादात ध्वनी एका सेकंदात सुमारे ५,९०० मीटर जातो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र जाडी सांगते. पत्रा ठरलेल्या मर्यादेपेक्षा पातळ झाला असेल, तर तो कापून नवा बसवावाच लागतो.

आणखी एक तपासणी तुम्हांला ओळखीची वाटेल, कारण तिला लागतो आपल्या फळ्यावरचा खडू! जहाजात माल ठेवण्याचे मोठमोठे खण असतात. त्यांच्यावर लोखंडी झाकणे असतात आणि झाकणाच्या कडेला रबराची पट्टी असते. झाकण लोखंडी काठावर नीट दाबून बसले पाहिजे. फट राहिली तर समुद्राचे पाणी आत जाते, धान्य सडते, खत भिजते आणि वादळात जहाजही धोक्यात येते. म्हणून लोखंडी काठाला खडू फासतात, झाकण घट्ट बंद करतात आणि पुन्हा उघडतात. रबरावर खडूची रेघ सलग उमटली तर झाकण बरोबर बसते आहे. रेघ जेथे तुटली, तेथे फट आहे. त्यानंतर बाहेरून पाण्याचा जोरदार फवारा मारून आत थेंब येतो का तेही पाहतात.

ही कामे साधी वाटतात, पण त्यांत जिवाचा धोका असतो. जहाजाच्या बंद टाकीत उतरणे फार धोक्याचे आहे. जुन्या काळी मराठवाड्यात धान्य साठवायला जमिनीत पेव खणत असत. पेव उघडल्याबरोबर त्यात कोणी उतरत नसे. आतली हवा विषारी झालेली असते, हे अनुभवी माणसांना ठाऊक होते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील खाली सोडून तो विझतो का हे पाहत. जहाजाच्या टाकीतही असेच घडते. गंज तयार होताना तो हवेतील ऑक्सिजन ओढून घेतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद टाकीत तो इतका कमी होऊ शकतो की आत गेलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला घाईने उतरलेला सोबतीही तेथेच कोसळतो. म्हणून टाकी आधी हवेशीर करतात, यंत्राने हवा तपासतात, लेखी परवानगी घेतात आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवतात. त्याने तेथून हलायचे नसते. कंदिलाच्या जागी आज यंत्र आले आहे, पण नियम तोच आहे.

जहाजावरच्या लोकांनी स्वतः केलेली तपासणी पुरेशी मानत नाहीत. विद्यार्थी आपला पेपर आपणच तपासत नाही ना? तसेच जहाजाचेही आहे. जहाजांना दर्जा देणाऱ्या संस्था असतात. आपल्या देशाची अशी संस्था 'इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग' १९७५ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत पवई येथे आहे. अशा संस्थांचे तपासनीस दरवर्षी जहाज पाहतात. सुमारे अडीच वर्षांनी अधिक बारकाईने आणि पाच वर्षांनी सर्वांत कसून तपासणी होते. सरकारच्या वतीने नौवहन महासंचालनालय लक्ष ठेवते. हे कार्यालय १९४९ मध्ये सुरू झाले आणि तेही मुंबईतच आहे. शिवाय जहाज परदेशी बंदरात गेले की त्या देशाचे अधिकारी जहाजावर चढून तपासणी करू शकतात. मोठा दोष आढळला, तर तो दूर होईपर्यंत ते जहाजाला बंदर सोडू देत नाहीत. हिंदी महासागराच्या काठच्या देशांनी या कामासाठी आपसांत करार केला असून तो १९९९ पासून अमलात आहे. त्याचे कार्यालय आपल्या शेजारच्या गोव्यात आहे.

पाच वर्षांतून दोनदा जहाजाचा तळ तपासावा लागतो. त्यासाठी बहुधा जहाज सुक्या गोदीत नेतात. उर्दूत 'गोदी' म्हणजे मांडी, आईची कूस. मराठीत 'गोदी' म्हणजे जहाज उभे करण्याची जागा. थकलेले जहाज गोदीत येते असे म्हटले, तर दोन्ही अर्थ बरोबर वाटतात! सुकी गोदी हा एक प्रचंड हौद असतो. त्यात पाणी असताना जहाज आत येते. मग दार बंद करून पाणी उपसतात आणि जहाज हळूहळू खालच्या ठोकळ्यांवर बसते. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शंखशिंपल्यांसारखे जीव खरवडून काढतात. हे जीव वाढले की जहाजाचा वेग कमी होतो आणि तेल जास्त जळते. त्याच वेळी पंखा, सुकाणू आणि समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा तपासतात.

मुंबईला या कामाची फार जुनी परंपरा आहे. सुरतेहून आलेले पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी बांधली. आशियातील ती पहिली सुकी गोदी मानतात. मुंबई बंदरातील सुमारे ३०० मीटर लांबीची ह्यूज सुकी गोदी १९१४ मध्ये सुरू झाली. वाडिया घराण्याने मुंबईत सागवानी लाकडाची 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली. ती १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज दोनशे वर्षांनंतरही ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. लाकूड उत्तम होते आणि कारागीर कुशल होते. त्याबरोबरच पुढच्या पिढ्यांनी तिची वेळोवेळी डागडुजी केली, म्हणून ती टिकली.

आता याच मुंबईच्या समुद्रातील दुसरी घटना ऐका. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'राक' नावाचे मालवाहू जहाज मुंबईपासून सुमारे ३७ किलोमीटरवर बुडाले. ते इंडोनेशियाहून साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन गुजरातमधील दहेज बंदराकडे चालले होते. आपल्या हिशोबाने चार हजार ट्रक कोळसा! पावसाळ्याचे दिवस होते, समुद्र खवळलेला होता. जहाजात पाणी शिरू लागले. आपले तटरक्षक दल आणि नौदल मदतीला धावले आणि जहाजावरील तीसही जणांचे प्राण वाचले. जहाज मात्र कोळशासह तळाला गेले. त्यातील तेल समुद्रावर पसरले आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचले.

हे जहाज १९८४ मध्ये बांधलेले होते. म्हणजे ते २७ वर्षांचे होते. दोनशे वर्षांची लाकडी नौका तरंगते आहे आणि २७ वर्षांचे लोखंडी जहाज तळाशी पडून आहे! पुढे हा खटला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे चालला. २०१६ मध्ये निकाल लागला. ते जहाज समुद्रप्रवासाला योग्य स्थितीत नव्हते, असा निष्कर्ष न्यायाधिकरणाने काढला आणि जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरपाई देण्यास सांगितले.

असे अपघात पूर्वीही झाले आहेत. किंबहुना समुद्रावरील बहुतेक नियम अपघातांनंतरच झाले. एकोणिसाव्या शतकात काही लोभी मालक जहाजात क्षमतेपेक्षा जास्त माल भरत. जहाज बुडाले तरी विम्याचे पैसे मिळत. मरत ते गरीब खलाशी. इंग्लंडमधील सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. १८७६ मध्ये तेथे कायदा झाला आणि जहाजाच्या बाजूवर भाररेषा काढणे आवश्यक झाले. ही रेषा पाण्याखाली जाईल इतका माल भरायचा नाही. आजही प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजावर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेषा दिसते. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाले. त्यानंतर १९१४ मध्ये अनेक देशांनी एकत्र येऊन समुद्रावरील जीवितरक्षणाचा करार केला. आजचे नियम त्याच कराराच्या पुढच्या आवृत्त्यांतून आलेले आहेत.

तर मुलांनो, नियम आहेत, तपासनीस आहेत, यंत्रेही आहेत. मग उणीव कोठे राहते? ती राहते वहीत. कल्पना करा, एक तरुण अधिकारी आहे. दुपारचे ऊन आहे. डेकचे लोखंड तव्यासारखे तापले आहे. जीवरक्षक होडीचे इंजिन तीन मिनिटे चालवून पाहायचे आहे. गेल्या आठवड्यात ते चालले होते. त्याच्या मनात येते, "आजही चालेलच. नुसती बरोबरची खूण केली तर कोणाला कळणार?" तो वहीत खूण करतो आणि सावलीत जाऊन बसतो. त्या दिवशी खरोखरच कोणाला कळत नाही. पुढच्या आठवड्यातही तो तसेच करतो. एका रात्री जहाज कलंडते, घंटा वाजते, पंचवीस माणसे त्या होडीत बसतात आणि इंजिन सुरू होत नाही. वहीत मात्र ते दर आठवड्याला 'चालू' असते!

खोटी हजेरी ही अशी असते. लिहिताना ती अगदी लहान वाटते, पण वेळ आली की माणसांच्या जिवावर बेतते.

अमानत हा शब्द तुम्हांला घरातूनच माहीत आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. लातूरच्या व्यापाऱ्याची तूर, शेतकऱ्याचे खत आणि सोबत्यांचे प्राण ही जहाजावरच्या माणसाजवळची अमानत आहे. तो खलाशी त्या व्यापाऱ्याला कधी भेटणार नाही. शेतकऱ्याला त्याचे नावही कळणार नाही. तरीही कोणी पाहत नसताना तो मोजपट्टी खाली सोडतो आणि जे दिसले तेच लिहितो.

तुमच्यापैकी कोणी उद्या जहाजावर काम करील. कोकणातील अनेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक जहाजावर जातात; मराठवाड्यातील मुलामुलींनाही ती वाट मोकळी आहे. दहावीनंतर खलाशाचे प्रशिक्षण घेता येते आणि विज्ञान शिकून पुढे अभियंता किंवा कप्तानही होता येते. बाकीचे शेती, दुकान, दवाखाना, शाळा सांभाळतील. प्रत्येक ठिकाणी एक वही असेल. त्या वहीत 'पाहिले' असे लिहिण्यापूर्वी एकदा उठून पाहून या.

शब्दार्थ

हजेरीपट – हजेरी लिहिण्याची वही (उर्दू : हाजिरी रजिस्टर)
देखभाल – काळजी घेणे, निगा (उर्दूतही हाच शब्द)
डागडुजी – लहानमोठी दुरुस्ती (उर्दू : मरम्मत)
खलाशी – जहाजावर काम करणारा (उर्दू : खलासी, मल्लाह)
कलंडणे – एका बाजूला झुकणे
पापुद्रा – पातळ थर
जस्त – एक धातू (उर्दू : जस्ता)
तडा – चीर, भेग
पेव – धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा
झडप – पाणी किंवा हवा आत-बाहेर जाऊ देणारे छोटे दार
तपासनीस – तपासणी करणारा अधिकारी
भाररेषा – जहाजात किती माल भरावा हे दाखवणारी रेषा
उणीव – कमतरता (उर्दू : कमी)

वाक्प्रचार

कंटाळा करणे – काम टाळणे
आवाज उठवणे – अन्यायाविरुद्ध बोलणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
अमलात असणे – लागू असणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लातूरच्या डाळमिलमध्ये कोणत्या देशांतून तूर येते?
(आ) जीवरक्षक होडीचे इंजिन किती दिवसांनी चालवून पाहतात?
(इ) जहाजाला जस्ताचे ठोकळे का बसवतात?
(ई) 'त्रिंकोमाली' ही नौका कोठे बांधली गेली?
(उ) भाररेषेचा कायदा कोणत्या वर्षी झाला?

प्र. २. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) झाकणाची फट शोधण्यासाठी खडूचा उपयोग कसा करतात?
(आ) जहाजाच्या बंद टाकीत एकदम का उतरू नये? पेवाच्या उदाहरणावरून सांगा.
(इ) ट्रकची दुरुस्ती आणि जहाजाची दुरुस्ती यांत कोणता फरक आहे?
(ई) 'राक' जहाजाच्या घटनेवरून आपण काय शिकतो?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) संगणक असूनही इंजिनघरातील फेरी बंद झालेली नाही.
(आ) समुद्रावरील बहुतेक नियम अपघातांनंतर झाले.
(इ) लेखकाने जहाजावरील मालाला 'अमानत' म्हटले आहे.

प्र. ४. पुढील शब्दांचा उर्दूतील अर्थ आणि मराठीतील अर्थ लिहून प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
गंज, गोदी, बंदर

प्र. ५. मराठीत 'नांगर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक नांगर शेतात चालतो, दुसरा जहाज थांबवतो. दुसऱ्या अर्थाला उर्दूत काय म्हणतात? दोन्ही अर्थांनी एकेक वाक्य तयार करा.

प्र. ६. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(सुकाणू, पेव, भाररेषा, सुकी गोदी)
(अ) जहाज वळवण्याचे साधन म्हणजे ........ .
(आ) जहाजाचा तळ तपासण्यासाठी ........ वापरतात.
(इ) जास्त माल भरला तर ........ पाण्याखाली जाते.
(ई) धान्य साठवण्यासाठी जमिनीत ........ खणत.

उपक्रम : आपल्या शाळेतील पाण्याची टाकी, नळ, विजेची बटणे, खिडक्या आणि आग विझवण्याचे साधन यांची आठवडाभर रोज पाहणी करा. एका वहीत तारीख, काय पाहिले आणि कोणता दोष आढळला ते लिहा. स्वतः पाहिले नसेल त्या दिवशी रकाना कोरा ठेवा. आठवड्याच्या शेवटी ती वही मुख्याध्यापकांना दाखवा.